लिंबागणेशची दुपार बाराला होत नाही

शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवा. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी खरंच सरळ उभी आहे ना, ते बघून घ्या. सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवत चला, दुपारी एकपर्यंत. एवढंच. वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, विकतचं काहीही लागत नाही. तिसरी-चौथीतली चार पोरं आळीपाळीनं हे काम सहज करतात.

आता खडे बघा. काठीच्या सगळ्यात जवळचा खडा कुठला? म्हणजे सूर्य सगळ्यात उंच कधी होता? कुणीही झटकन म्हणेल, बारा वाजता. पण बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशात हा प्रयोग केला, तर बाराचा खडा सगळ्यात जवळचा निघत नाही. जवळचा निघतो तो साडेबाराच्या आगेमागे ठेवलेला. पोरं आधी घड्याळावर संशय घेतात, मग खडे ठेवणाऱ्यावर. खरं तर घड्याळ बरोबर आहे, खडेही बरोबर आहेत. लिंबागणेशची दुपार बाराला होतच नाही.

असं का? आपली घड्याळं लिंबागणेशच्या सूर्यावर लावलेलीच नाहीत. ती लावली आहेत उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर. १९०६ सालापासून देशाची प्रमाणवेळ आहे ती तिथली. लिंबागणेश त्या रेषेच्या जवळजवळ सात अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंश फिरायला चोवीस तास लागतात, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. सात अंशांच्या जरा आत, म्हणजे साधारण २७ मिनिटं. मिर्झापूरच्या माथ्यावरून निघालेली दुपार लिंबागणेशच्या बालाघाटाच्या डोंगरावर पोचायला एवढा वेळ घेते. मैदानातल्या त्या खड्यांनी पृथ्वी फिरताना पकडली!

आणि हे या गावाला अगदीच नवं नाही. लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचं गाव. संकष्टीला उपास सोडायचा तो चंद्र उगवल्यावर, आणि दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ शहरागणिक वेगळी छापलेली असते, हे घरातल्या आजीला पक्कं ठाऊक असतं. मुंबईपेक्षा बीडकडे चंद्र दहा-बारा मिनिटं आधी दिसतो. का? तेच गणित: तीन अंशांच्या आसपास फरक, अंशाला चार मिनिटं. आजीचा उपास आणि नातवाचे खडे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. दोघांची गाठ घालून द्यायला मात्र कुणीतरी लागतं, आणि माझ्या मते प्राथमिक शिक्षकाच्या कामातलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

काठी अजून उपटू नका. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा भरदुपारी त्या काठीची सावली असते जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि तीसुद्धा दक्षिणेला! सूर्य त्या वेळी डोक्याच्या किंचित उत्तरेला गेलेला असतो. जुलै संपता संपता, २८ तारखेच्या आसपास, ढगांनी कृपा केली तर एक दुपार अशी येते की काठीला सावलीच नसते. (अशीच दुसरी दुपार मेच्या मध्यावर येते, पण तेव्हा सुट्टी असते.) त्यानंतर सावली उत्तरेकडे वळते आणि वाढत जाते. डिसेंबरअखेरीस तीच काठी ९१ सेंटिमीटरची सावली टाकते. आठाची एक्क्याण्णव! हिवाळा का येतो, हे सांगणारं यापेक्षा सोपं चित्र मला माहीत नाही.

आणखी एक गंमत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्यात आखूड सावली १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला पडते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४० मिनिटांच्या. गाव तेच, काठी तीच, मग दुपार अर्धा तास इकडेतिकडे का होते? कारण पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची वाट नेमकी गोल नाही. वर्षाच्या काही महिन्यांत सूर्य घड्याळाच्या पुढे धावतो, काही महिन्यांत मागे रेंगाळतो. ज्या शाळेनं वर्षभर, आठवड्यातून एकदा, ही नोंद वहीत ठेवली, तिच्या वहीत पृथ्वीच्या कक्षेचा आकार उतरलेला असतो. चौथीच्या पोरांना ते समीकरण सोडवायचं नाही. पण नोंद त्यांच्या हातची आहे, आणि कधीतरी अकरावी-बारावीत हा धडा येईल तेव्हा त्यांचं आकाश आधीच ओळखीचं असेल.

आता जळगावला फोन लावा. जळगावच का? कारण नकाशावर ते लिंबागणेशच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. डिसेंबरच्या त्याच दुपारी जळगावच्या एखाद्या शाळेतल्या एक मीटरच्या काठीची सावली ९८ सेंटिमीटर भरते. आपली ९१, त्यांची ९८. हा सात सेंटिमीटरचा फरक कुठून आला? जमीन सपाट असती तर इतक्या दूरच्या सूर्यानं दोन्ही काठ्यांना सारखीच सावली दिली असती. फरक पडतो, कारण जमीन वळली आहे. दोन सावल्यांवरून कोन काढले, तर त्यांच्यात सुमारे २.१ अंशांचा फरक मिळतो. दोन गावांमधलं सरळ अंतर सुमारे २४० किलोमीटर. २.१ अंशांना २४०, तर ३६० अंशांना किती? उत्तर येतं ४१ हजारांच्या थोडं वर. पृथ्वीचा खरा घेर ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहे. दोन काठ्या, दोन शाळा, एक फोन, आणि चूक तीन टक्क्यांच्या आत! इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसनं हाच हिशेब मांडला त्याला बावीसशेहून जास्त वर्षं झाली. त्याच्याकडे फोन नव्हता.

कोन काढणं चौथीला जड जाईल, हे मान्य. पण कागदावर काठी आणि सावली दहापट लहान काढून कोनमापक लावला, की गुणोत्तरांच्या वाटेला न जाताही काम होतं.

मैदानातून आता वर्गात येऊ. पहिलीच्या वर्गात जमिनीवर चिंचोके पसरलेले असतात. मराठवाड्यात चिंचेला तोटा नाही, त्यामुळे या साहित्याला खर्च शून्य. एक सोपा खेळ बघा. मुठीतले थोडे चिंचोके खाली टाका, लगेच हातानं झाका आणि किती होते ते विचारा. तीन असले तर पोर न मोजता सांगतं. चार असले तरी सांगतं. पाचाला जरा अडखळतं. सात असले की अंदाज सुरू! आणि हे पहिलीच्या पोराचं कच्चेपण नव्हे. १८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लंडमधल्या नामांकित अर्थशास्त्रज्ञानं हाच खेळ घेवड्याच्या दाण्यांनी स्वतःशीच हजारावर वेळा खेळून पाहिला. तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. माणसाची नजर एका झटक्यात साधारण चारपर्यंतच पोचते. विद्वानाची असो की पहिलीतल्या पोराची.

मग आपण हजार आणि लाख कसे हाताळतो? गठ्ठे बांधून. वर्गात दहा काड्या मोजायच्या आणि त्यांना रबर लावायचं. पोर रबर लावतं त्या क्षणी एक जबरदस्त गोष्ट घडते, आणि आपण मोठी माणसं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हातातला गठ्ठा आता एकाच वेळी ‘दहा’ही आहे आणि ‘एक’ही आहे. दहा काड्या, एक गठ्ठा. दोन्ही खरं! एकच अंक जागा बदलली की किंमत बदलतो, ही सगळी दशमान पद्धत त्या रबराखाली आहे. रोमन लोकांनी एवढं मोठं साम्राज्य चालवलं, पण अशी लेखनपद्धती त्यांच्याकडे नव्हती. भारतात ती घडली, आणि इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियमच लिहून ठेवले. माणसाला जे सुचायला हजारो वर्षं लागली, ते सहा वर्षांचं पोर काड्या आणि रबर घेऊन काही आठवड्यांत गाठतं.

मराठी पोरासमोर आणखी एक घाट असतो. ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. ‘एकोणतीस’ ऐकलं की कानात तीस घुमतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ असं वाचण्याचाही पर्याय दिला, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! त्या पुस्तकाच्या समितीवर असलेल्या मंगला नारळीकरांनी शांतपणे समजावून सांगितलं की मुलांना जोडाक्षरांच्या या संख्या अवघड जातात, म्हणून ही सोय. मला दोन्ही बाजू कळतात. पण ज्या पोराच्या हातात पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत, त्याला दोन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत हे समोर दिसतं. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला कुठलंही नाव पाठच करावं लागतं.

हे हातानं शिकणं आपल्याकडे कुठून आलं? मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, आणि तिथले मणी, ठोकळे, दट्टे जगभर पोचले. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक त्यावर काम करत होते. त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पण ताराबाई १९४५ मध्ये शहर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि तिथे एक साधा प्रश्न उभा राहिला. हे महागडं साहित्य आदिवासी पाड्यात आणायचं कुठून? उत्तर पाड्यातच पडलेलं होतं. शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात भरायला लागली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात होती, म्हणून अनुताईंनी कुरणात शाळा भरवली. गुरं चरताहेत आणि त्यांच्या राखणदारांचा वर्ग सुरू आहे! आज देशभर ज्या अंगणवाड्या चालतात, त्यांचं नाव आणि कल्पना दोन्ही त्या अंगणांतून आली.

त्या विचाराला सरकारी शाळांमध्ये अलीकडे पुन्हा बळ मिळालं ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमुळे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हा विचार, वर्गात उतरवून दाखवला, आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि वर्गावर्गांतल्या फरशा तळफळ्यांनी आणि संख्यारेषांनी रंगल्या.

आता मला सगळ्यात जास्त चकित करणाऱ्या गोष्टीकडे येतो. अनेक शाळांत वर्षातून एकदा बाजार भरतो. आनंदमेळावा म्हणा, बालबाजार म्हणा. पोरं घरून मेथी, कोथिंबीर, लिंबं, बोरं, भजी, चिवडा आणतात, पोती अंथरून बसतात, आरोळ्या ठोकतात, आणि गावातली माणसं खरे पैसे देऊन माल घेतात. गंमत म्हणून चांगलंच आहे. पण यात शिकण्याचं असं काय आहे?

उत्तरासाठी आधी ब्राझीलला जावं लागेल. १९८५ साली तिथल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लिमान या तीन संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचं गणित तपासलं. ते गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक नारळ पस्तीसला, तर चार नारळ कितीला? पोरानं मनातल्या मनात तीन नारळांचे एकशे पाच केले, त्यात पस्तीस मिळवले आणि सांगितलं, एकशे चाळीस. अगदी बरोबर. नंतर त्याच पोराला कागद-पेन्सिल देऊन ३५ गुणिले ४ करायला सांगितलं. त्यानं शाळेतली रीत आठवून हातचा घेतला, तो नको तिथे आधीच मिळवला आणि उत्तर लिहिलं २००!

विचार करा. तेच पोर, तीच संख्या. रस्त्यावर या मुलांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत बरोबर उत्तरं चाळीस टक्क्यांच्याही आत. मग पोराला गुणाकार येतो की येत नाही?

बरं, हे ब्राझीलचं, चाळीस वर्षांपूर्वीचं, म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांना तपासलं. आठशे ग्रॅम बटाटे, दीड किलो कांदे, दोनशेच्या नोटेतून परत किती, असे हिशेब ही मुलं कागदाला हात न लावता करतात. तीच मुलं पुस्तकी मांडणीच्या भागाकारापाशी अडतात. आणि शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं: पुस्तकातली उदाहरणं त्यांना बरी येतात, आणि बाजारातला खरा हिशेब समोर आला की ती गडबडतात. पुस्तकाचं गणित बाजारात गेलं नाही, बाजाराचं पुस्तकात आलं नाही. एकाच डोक्यात दोन गणितं नांदतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत!

आता पुन्हा त्या बालबाजाराकडे बघा. तिथे ही दोन्ही गणितं एका पोत्यावर बसतात. पण एक अट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात हिशेब मांडला गेला पाहिजे. मेथीच्या बारा जुड्या आणल्या, घरून भाव लावून दिला होता दहा रुपये, शेवटी तीन उरल्या त्या पाचाला दिल्या, तर आले किती? पोरानं मनात कसं केलं ते आधी त्याच्या तोंडून ऐकायचं, मग तेच फळ्यावर मांडायचं: ९ × १० आणि ३ × ५. तू काल पोत्यावर बसून केलंस ते हेच, असं बाईंनी म्हणायचं. पोराच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. बाजार भरला, फोटो निघाले आणि विषय संपला, तर दोन गणितांची ओळख व्हायची राहून जाते. आईबापांनीच पोत्यावर बसून पैसे घेतले तरीही राहते.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत. वर्गाचा पट अर्धाअधिक रिकामा होऊ नये म्हणून मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. तरी काही पोरं आईबापांबरोबर जातातच, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ती ‘मागे पडलेली’ असतात, असं आपण म्हणतो. वाचण्या-लिहिण्यात पडलेली असतात, आणि ते नुकसान खरं आहे, ते गोड शब्दांनी झाकू नये. पण त्या पोरांनी मोळ्या बांधताना, गाडी भरताना, वजनकाट्यावर टन मोजताना पाहिलेलं असतं. उचल किती घेतली आणि फिटली किती, यावर रात्री कोपीत चाललेलं बोलणं ऐकलेलं असतं. टन म्हणजे किती, याचा अंदाज चौथीच्या पुस्तकाला कधी देता येणार नाही इतका पक्का त्यांना असतो. अशा पोराला पहिल्याच दिवशी मोळीचं वजन विचारणारा शिक्षक भेटला, तर ते वर्गात रिकाम्या हातानं येत नाही.

चला, आता परसबागेत. शाळेच्या मागं, हात धुण्याचं पाणी जातं तिथे मेथी-पालकाचे वाफे असतात, आणि पिकलेलं खिचडीत पडतं. कोथिंबीर लावताना गावातली कुणीही बाई धणे आधी रगडून घ्यायला सांगते. का? एक धणा दोन बोटांत दाबून बघा. त्याच्या दोन फाका होतात, आणि प्रत्येक फाकेत स्वतंत्र बी! आपण ज्याला बी समजतो ते अख्खं फळ आहे, आत जुळं बाळगणारं. किती घरांत रोज फोडणीला पडतं हे फळ, आणि कितीजणांना माहीत असतं?

कडुनिंबाखाली गेलात तर एक पान मागा. पोरं पान म्हणून जे आणतील ते बहुतेक वेळा पान नसतं, पर्णिका असते. अख्खी डहाळीसारखी दिसणारी ती दातेरी रांग हे एक पान. खात्री कशी करायची? देठाच्या बगलेत बघा. जिथे खऱ्या पानाचा देठ फांदीला लागतो तिथे बारीकसा डोळा असतो, कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. भिंग नसलं तरी चालतं, नखाएवढं लक्ष पुरतं.

आणि मटकी! भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड. वाळक्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मोड येताना बी ते स्वतः तयार करतं. पाणी मिळाल्यावर काही तासांत त्या दाण्याच्या आत एवढा कारखाना सुरू होतो. पण खरा तमाशा काचेच्या ग्लासात बघावा. ग्लासाच्या आतल्या बाजूनं ओला कागद लावायचा, कागद आणि काच यांच्यामध्ये चार दाणे अडकवायचे: एक सुलटा, एक उलटा, दोन आडवे. दोन दिवसांनी बघा. दाणे कसेही असोत, सगळी मुळं खाली वळलेली! आता ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी मुळांनी काटकोनात वळण घेतलेलं असतं.

त्यांना खाली म्हणजे कुठे, हे कळतं कसं? डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू नाही. मुळाच्या अगदी टोकावर एक टोपी असते. तिच्यातल्या काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं, की बाटली आडवी केल्यावर आतल्या गोट्या घरंगळाव्यात तसे हे कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. पेशीला तेवढी खूण पुरते. मग मुळाच्या खालच्या अंगाला ऑक्सिन हा वाढरस जास्त जमतो, त्यानं तिथली वाढ मंदावते, वरचं अंग पुढे जातं आणि मूळ खाली झुकतं. आता खरी कमाल ऐका. कोंबाच्याही खालच्या अंगालाच ऑक्सिन जमतं, पण तिथे त्यानं वाढ मंदावत नाही, उलट वेग घेते. म्हणून कोंब वर वळतो. रस एकच, निरोप एकच, आणि मूळ पाताळाकडे, कोंब आकाशाकडे!

हे गुरुत्वाकर्षणामुळेच होतं कशावरून? १८०६ साली टॉमस नाइट नावाच्या इंग्रज बागायतदारानं ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि चाक रात्रंदिवस जोरात फिरत ठेवलं. ‘खाली’ ही दिशाच त्यानं त्यांच्यापासून काढून घेतली. बियांनी काय केलं? मुळं चाकाच्या बाहेरच्या अंगाला गेली, कोंब आसाकडे. गोफणीतल्या धोंड्याला बाहेर ओढणारं जे बळ, तेच त्यांनी ‘खाली’ मानलं. प्रयोगशाळा कसली? ओढा, चाक आणि मूठभर बिया.

पावसाळ्यात शाळेचा सगळ्यात आवडता उपक्रम असावा पर्जन्यमापकाचा. प्लास्टिकच्या सरळ बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची आणि उघड्यावर ठेवायची. रोज सकाळी परिपाठात एका पोरानं आकडा वाचायचा. आकडा मिलिमीटरमध्ये येतो, आणि त्यात एक सुंदर मेख आहे: एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. कुठलाही गुणक नको, काही पाठ करायला नको.

लिंबागणेशच्या परिसरातला पाऊस कुठे जातो, हेही मुलांनी नकाशावर बोट फिरवून बघण्यासारखं आहे. बालाघाटाची रांग बीड जिल्ह्याला आडवी छेदून जाते. उत्तर उतारावरचं पाणी सिंदफणेला मिळतं आणि तिच्यातून माजलगाव तालुक्यातच गोदावरीत जातं. दक्षिणेकडचं पाणी मांजरेत जातं. मांजरा याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, लातूरकडून कर्नाटकात शिरते, तेलंगणात मोठा वळसा घेते आणि सातशेहून जास्त किलोमीटरांनंतर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. माथ्यावर हातभर अंतरानं पडलेले दोन थेंब असे वेगळे होतात, आणि एकाच नदीत परत येतात.

पण त्याआधी शाळेचं छप्पर मोजा. मुलांनी दोरी धरून लांबी-रुंदी घेतली, समजा शंभर चौरस मीटर भरली. दोन खोल्या आणि व्हरांड्याचे पत्रे एवढे असतातच. दुष्काळी म्हणवणाऱ्या या भागातही वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही. शंभर गुणिले सहाशे. साठ हजार लिटर! शाळेत साठ मुलं आहेत असं समजू. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेचे कामाचे दिवस ठरवले आहेत वर्षाला किमान दोनशे. साठ हजार भागिले साठ, भागिले दोनशे. प्रत्येक मुलाला रोज पाच लिटर, म्हणजे पिणं, हात धुणं, ताट धुणं आणि परसबागेतल्या एखाद्या वाफ्यापुरतं पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावच्या पोरांना हे उत्तर फळ्यावर दिसतं, तेव्हा ती वर पत्र्याकडे बघतात.

मग कुणीतरी हात वर करतं. पहिल्या पावसात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण वाहून येते, ते पाणी सोडून द्यावं लागेल. दुसरा म्हणतो, रिमझिम पाऊस पत्रा ओला करून वाळून जातो, तो पन्हाळीपर्यंत येतच नाही. तिसरी सांगते, जोराच्या सरीत पन्हाळीवरून पाणी उसळतं. बाई म्हणतात, बरोबर. पाचातला एक भाग गेला असं धरा, आणि पाटी पुसून पुन्हा मांडा: अठ्ठेचाळीस हजार लिटर, साठ मुलं, दोनशे दिवस.